चव घेणे : वाक्यात उपयोग करा

आमच्या घरात शिजतं अन्न चाखायला मनाई होती. चूल जिजीच्या ताब्यात, आणि आमटी उकळताना जिजी तिच्याकडं नुसती बघायची. फेस कुठल्या रंगाचा येतो, पळीवरून धार कशी पडते, एवढ्यावरून तिला मिठाचा अंदाज लागायचा आणि तो क्वचितच चुकायचा. देवाला दाखवायच्या आधी कुणाच्या जिभेला लागलं की सगळं भांडं उष्टं, हा तिचा नियम. जिजी म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका माझ्या जन्माआधीच गेले होते. लोणच्याच्या बरण्या, कोठीची किल्ली, कोण कुठं बसून जेवणार हा निर्णय, सगळं तिच्याकडं होतं. माझी माय, द्वारका, ही धाकटी जाऊ. तिचं माहेर गोदावरीकाठी, शहागडजवळ. तिकडची रीत वेगळी असावी, कारण चाखल्याशिवाय मायला स्वयंपाक करताच येत नसे. जिजीची पाठ फिरली की ती पळीतला थेंब डाव्या तळव्यावर घ्यायची, चटकन जिभेला लावायची आणि हात पदराला पुसायची. मी बघतेय हे कळलं की नुसते डोळे मोठे करायची. मी गप्प बसायचे. आम्हा दोघींमधलं ते एकच गुपित होतं.

गेली पंचवीस वर्षं मी जालन्यात खानावळ चालवते. माझ्याकडं प्रत्येक भाजी उतरवण्याआधी दोघांनी चाखायची असते आणि त्यातली एक मी. आचारी नवा असला की त्याला हे अपमानाचं वाटतं. मी त्याला समजावत बसत नाही, पळी पुढं करते. पण आमटीला उकळी आली आणि वाफ तोंडावर आली की कधीकधी हातातली पळी तशीच राहते, आणि मला आमच्या स्वयंपाकघराची उगवतीकडची खिडकी दिसायला लागते. तिच्यातून येणारा उन्हाचा तिरका पट्टा, पट्ट्यात तरंगणारा ज्वारीचा कोंडा, मागं गोठ्यात म्हैस शेपटीनं माशा हाकलतेय त्याचा संथ फटका, आणि लांबून, नदीच्या वळणावरून, कपडे आपटल्याचा आवाज. आधी हात वर जाताना दिसायचा आणि आवाज मागून यायचा. लहानपणी मला वाटायचं की आमच्या गावात आवाजालाही चालत यावं लागतं.

गाव भोकरदनच्या पुढं. दिवसातून दोनदा एसटी यायची, सकाळची जालन्याला जायची. बाकी दिवसभर गाव आपलं आपण असायचं, आणि त्यातली निम्मी हालचाल वानोळ्याची. शेतात काहीही पहिल्यांदा हाताशी आलं, मग ते वाळूक असो, तुरीची शेंग असो की हरभऱ्याचा टहाळ, ते आधी चार घरी चवीपुरतं धाडायचं. त्याला वानोळा म्हणायचे. पोरींच्या हातात फडक्यानं झाकलेलं भांडं द्यायचं आणि पळवायचं. ज्या घरी भांडं जाई त्या घरानं ते रिकामं परत करायचं नाही. निदान चार शेंगा, गुळाचा खडा, काहीच नसलं तर मूठभर दाणे. त्यामुळं भांडी कायम वाटेवर असत, आणि दिवेलागणीच्या आधी गल्लीतून चाललं की समोरून येणाऱ्या पोरीच्या फडक्याखाली काय आहे हे वासावरून ओळखायचा आमचा खेळ होता. सुजाता त्यात माझ्यापेक्षा हुशार. ती लांबूनच सांगायची, "शेपू."

सुजाता गुरुजींची मुलगी, माझ्याच वर्गात, माझ्याच पट्टीवर बसणारी. गुरुजी आम्हाला चौथीला होते. ते गावातलेच, बौद्धवाड्यातले. त्यांच्या वडिलांनी बाबासाहेबांच्या मागोमाग दीक्षा घेतली होती. नदीला लागून त्यांचं दोन एकर रान होतं, ते सुजाताची आई गयाबाई एकटीच्या जोरावर करायची. गुरुजी आमच्या ओट्यावर येत, दादांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, बोलत, चहा घेत. त्यांच्यासाठी निळ्या रेघेची एक कपबशी बाहेरच्या कोनाड्यात असे. चहा झाला की ते ती स्वतः विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवत. त्या कपाबद्दल मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. पाट्याला जागा असते, उखळाला असते, तशी त्या कपाची ती जागा. गुरुजींच्या घरी आमचा वानोळा जाई आणि त्यांचाही आमच्याकडं येई, पण येई तो कच्चा. शेंगा, तीळ, वाळकं. शिजलेलं तिकडून येत नसे. हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. दोन्ही घरच्या बायकांना ते ठाऊक होतं, बस.

मग दुष्काळ पडला. त्याच्याविषयी फार जणांनी फार लिहिलंय, मला त्यातलं थोडंच नीट आठवतं. आठवतं ते हे, की रस्त्याचं काम निघालं आणि आमच्या घरातून, जिथून बायका कधी कुणाच्या कामाला गेल्या नव्हत्या, माय खडी फोडायला गेली. जिजी दारात उभी राहून एवढंच म्हणाली, की बाहेर काय खाल्लं ते घरात येऊन सांगायचं नाही. मी मायसोबत जायचे. तिथं ढिगाऱ्यावर गयाबाई तिच्या शेजारी बसायची. मुकादम मिश्कील होता, हजेरी घेताना म्हणायचा, गया अन् द्वारका एकाच ढिगावर बसल्यात, आता लोकांनी तीर्थाला जायचं कारणच न्हाई. दुपारी सुकडी, दुष्काळी कामावरचा सरकारी खाऊ, वाटत. एका फडक्यावर दोघींची सुकडी, एकीची चटणी, दुसरीचा कांदा. आणि भांडण. गयाबाई मायच्या चटणीला नावं ठेवायची, माय तिच्या अंबाडीच्या भाजीला. एकदा गयाबाई म्हणाली, "द्वारका, ही चटणी हाय का मिठाची खाण? गोदावरीला समुद्र लागतो का तुमच्या?" माय हसायला लागली. ती इतकी हसली की हातोडी खाली ठेवावी लागली. मी मायला हसताना तोवर ऐकलंच नव्हतं. घरात ती हसत असेल तर तोंडावर पदर घेऊन. इथं तोंड उघडं टाकून हसत होती आणि दातांवर खडीची धूळ बसली होती.

आज वाटतं, त्या दोन सालांत माझी माय सुखात होती. हे विचित्र आहे आणि लिहायलाही बरं वाटत नाही, कारण गुरं मरत होती. पण जे दिसलं ते दिसलं.

पाऊस आला, काम बंद झालं, आणि ज्या त्या बाया ज्या त्या गल्लीत गेल्या. नदीवर दोघी भेटत. तिथंही माय इकडंतिकडं बघून बोलायची. दिवाळी झाली, आणि एके सकाळी सुजाता आमच्या दारात आली. हातात जर्मनचा डबा, बुडाला पोचा पडलेला, वर ओलं फडकं. त्यांच्या रानातली ज्वारी हाती आली होती. थोडीच निघाली होती. गयाबाईनं पहिलं पीठ दळून त्याची धपाटी केली होती आणि द्वारकाबाईला दे म्हणून धाडली होती. मी डबा घेतला तेव्हा बूड गरम होतं. लसूण, ओवा, भाजलेल्या पिठाचा तो वास मला आजही डोळे मिटून सांगता येईल. डब्यात सात धपाटी होती. आमच्या घरात माणसं पाचच होती.

जिजीनं डबा बघितला. मग ती मायकडं बघत राहिली, आमटीकडं बघायची तशी. मायनं डबा माझ्या हातातून घेतला. क्षणभर वाटलं, ती फडकं उचलून एक तुकडा मोडेल. ती मागच्या दारानं गोठ्यात गेली. मी मागं गेले. म्हशीचं आंबोण घमेल्यात भिजत होतं, सरकी आणि कोंडा. मायनं धपाटी एकेक करून मोडली आणि त्यात मिसळली. भराभर, पाणी ओतावं तशी. म्हशीनं तोंड घातलं. मी विचारलं, मला एक? माय म्हणाली, "गप." डबा तिनं राखेनं घासला आणि गोठ्याच्या कोनाड्यात ठेवला. घरातल्या भांड्यांत तो ठेवता येणार नव्हता, आणि रिकामा परत धाडता येणार नव्हता. तो तिथंच राहिला.

संध्याकाळी मायनं मला हळूच बोलावलं आणि गयाबाईला निरोप द्यायला पाठवलं. धपाटी लई चांगली झाल्ती, सगळ्यांनी चाखली, मीठमिरची बराबर. मी नदीकडनं गेले. गयाबाई अंगणात सूप घेऊन पाखडत होती. तिच्याभोवती कोंडा सोनेरी धुरासारखा उभा होता आणि ती त्याच्या आत बसलेली. मी निरोप सांगितला. सूप थांबलं.

"मीठ बराबर झाल्तं म्हणली?"

"हो. बिलकुल बराबर."

"बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली. बराच वेळ माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, निरोप पोचला. मी उड्या मारत घरी आले.

त्याच आठवड्यात गुरुजींनी आम्हाला शब्द घातले. त्यांची पद्धत निराळी होती. फळ्यावर एक शब्द लिहायचे आणि म्हणायचे, त्याच अर्थाचे आणखी आणा, पण पुस्तकातले आणू नका, घरात कान देऊन बसा, माणसं काय बोलतात ते आणा, आणि प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा. वाक्य खरं पाहिजे. राजा आणि राणी नकोत. त्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं, चव घेणे.

मी दोन दिवस घरात कान देऊन हिंडले. असा उद्योग मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही. घर तेच, माणसं तीच, पण जणू कुणीतरी त्यांच्यावरचं झाकण काढलं होतं. दादा गुळाच्या ढेपेची 'चव बघायचे', पण भाजी 'खायचे'. चव बघणं हे बाजारातलं, नापसंत करायचा हक्क राखून केलेलं. जिजी कशाचीही चव घेत नसे, ती 'जिभेला लावून' बघायची, तेही फक्त औषध. लहान भावाला पहिला भात दिला तेव्हा त्याला 'उष्टावलं' असं म्हणाले, आणि तोच शब्द दादा पाखरांसाठी वापरायचे, वरच्या रानातली कणसं पाखरांनी उष्टावली. माय 'चाखायची'. तिच्या तोंडात तो शब्द चोरटा होता. 'तोंडात टाकणं' आम्हा पोरांचं. आणि 'घास घेणं' मला वेगळंच वाटलं, कारण ते एकट्यानं होत नाही. कुणीतरी म्हणावं लागतं, एक घास घे. पाहुण्याला म्हणतात, रुसलेल्याला म्हणतात. वानोळा घेणं धरून सहा वाक्यं झाली होती, घास घेण्याचं तेवढं अडलं होतं. सुजाताची पण सहा होती, तिनं मला तसं सांगितलं होतं. मला सात पाहिजे होती.

गुरुजींची दुसरी पद्धत अशी की सगळ्यात जास्त शब्द आणणाऱ्याची वही ते दुसऱ्या कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेत. स्वतःचं स्वतः वाचलं की मुलं चुका झाकतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी वह्या मोजल्या. माझे सात. त्यांनी वही उघडून आकडा तेवढा बघितला आणि माझ्या शेजारी जी बसली होती तिच्या हातात दिली. सुजाता उभी राहिली. तिचा आवाज स्वच्छ होता, प्रार्थना तीच सांगायची.

"चाखणे. जिजीची पाठ फिरली की माझी माय आमटी चाखते."

वर्ग हसला. गुरुजीही हसले. मला छान वाटलं. मग गुळाची ढेप, मग औषध, मग पाखरं. शेंगदाणे तोंडात टाकत आम्ही शाळेत येतो, यावर कुणीतरी पाठीमागून म्हणालं, अन् आम्हाला देत न्हाई. पुन्हा हसू. सहावं वानोळा घेणे, गुरुजींच्या घरच्या तिळाचा वानोळा आम्ही घेतला. सुजातानं तेही त्याच सुरात वाचलं, आणि तसंच पुढं गेली.

"घास घेणे. सुजाताच्या आईने धाडलेल्या धपाट्यांचा आमच्या घरात कोणीही घास घेतला नाही, ती म्हशीने आवडीने खाल्ली."

तिनं पूर्ण वाचलं. मध्ये थांबली नाही. मला वाटतं तिला शेवटापर्यंत पोचल्यावरच कळलं. कौलातून येणारा उन्हाचा ठिपका फळ्यावर होता, तो मला स्पष्ट आठवतो, 'चव' मधल्या 'व' वर. कुणीही हसलं नाही. मी हे का लिहिलं, हे मला नंतर खूपदा विचारावंसं वाटलं आहे, माझं मलाच. उत्तर साधं आहे. वाक्य खरं पाहिजे असं सांगितलं होतं, आणि सातवं पाहिजे होतं. ते कोण वाचणार आहे हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

गुरुजींनी वही परत घेतली. टेबलावर ठेवली, लाल पेन्सिलीनं सातही वाक्यांवर बरोबरची खूण केली. सातव्यावरही. मग म्हणाले, "वाक्य बरोबर आहे. बस खाली." ते मला म्हणाले की सुजाताला, ते कळलं नाही. मीही कधीतरी उठून उभी राहिले होते; आम्ही दोघीही बसलो.

मधल्या सुट्टीत सुजाता कडुलिंबाखाली एकटी उभी होती. मी गेले. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला एकच मिळाल्तं. बाकीची समदी तुमच्याकडं धाडली." दुसऱ्या दिवसापासून ती दुसऱ्या पट्टीवर बसायला लागली.

घरी मी काहीच सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही, कारण दोन दिवसांनी सकाळी गयाबाई आमच्या ओट्यापाशी आली. ती कधी अशी येत नसे. जिजी तुळशीला पाणी घालत होती, माय शेण गोळा करत होती. गयाबाई पायरीच्या खाली उभी राहिली आणि तिनं माझ्या मायला हाक मारली. द्वारका म्हणून नाही.

"मालकीण, आमचा डबा ऱ्हायला तुमच्याकडं. तेवढा द्या."

माय उठली. हाताला शेण तसंच. ती घाईनं बोलायला लागली, की पाठवणारच होते, तुरीच्या शेंगा भरून पाठवते, आज संध्याकाळी.

"न्हाई. रिकामाच द्या."

आमच्याकडं असं कुणी म्हणत नाही. भांडं रिकामं मागायचं म्हणजे आता तुमच्या माझ्या घरात काही जायचं यायचं नाही असं सांगायचं. जिजीच्या हातातला तांब्या थांबला. मायनं गोठ्याच्या कोनाड्यातून डबा आणला. देताना तिच्या शेणाच्या बोटांचे ठसे त्यावर उठले. गयाबाईनं ते बघितले, डबा काखेत घेतला आणि गेली. तिनं आवाज चढवला नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. जिजी तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीत ओतत म्हणाली, "गेली ती बरं झालं." मायनं मला मागं नेलं, दंडाला धरलं आणि विचारलं, तिला कुणी सांगितलं? मी वहीतलं वाक्य सांगितलं. ती मला मारेल असं वाटलं होतं. तिनं दंड सोडला आणि परत शेणाकडं गेली.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मला एकाच लांब दुपारीसारखे आठवतात. थंडी वाढत होती. नदीवर माय धुणं घेऊन जायची तर गयाबाई वरच्या घाटावर सरकायची. धुण्याचा आवाज दोन ठिकाणांहून यायचा, एक आधी, एक मागून. माय चाखेनाशी झाली. जिजीची पाठ फिरली तरी पळी तशीच राही. दोनदा भाजी खारट झाली आणि जिजीनं ताटावरच बोलून दाखवलं. माय ऐकून घ्यायची. मी शाळेत जायचे, पट्टीवर माझ्या शेजारची जागा तशीच असायची, आणि मी आता कुठल्याच शब्दाचे चारपेक्षा जास्त आणत नव्हते.

मग एक दिवस, शाळेला सुट्टी होती, मायनं पितळी डब्यात तुरीच्या शेंगा भरल्या, चांगल्या टपोऱ्या निवडून. जिजी समोर बसली होती. तिनं विचारलं, कुणाकडं. माय म्हणाली, "गयाकडं." जिजी म्हणाली ती घेणार नाही. माय म्हणाली, "म्हाईत हाये." आणि माझा हात धरून निघाली. जिजीनं पाठीमागून काही म्हटलं की नाही ते मला आठवत नाही. माय मागं वळली नाही, एवढं आठवतं.

गयाबाई रानात होती. उरलेली कणसं मळायला खळं केलं होतं, शेणानं सारवलेलं, गुळगुळीत. बैल गोल फिरत होते आणि सुजाता त्यांच्या मागं. खळ्याच्या कडेला तीन दगडांची चूल, तवा तापलेला, गयाबाई भाकरी थापत होती. आम्हाला बघून ती थांबली नाही. मायनं डबा तिच्यापुढं ठेवला.

"वानोळा नको आता, मालकीण," गयाबाई म्हणाली. हात परातीतच.

माय उभी राहिली. मग चुलीपाशी, धुराच्या बाजूला, मातीत बसली. नीट मांडी घालून, जेवायला बसतात तशी.

"मंग मला वाढ. भूक लागली."

गयाबाईचे हात परातीत थांबले. बैलांच्या पायाखाली कणसं करकरत होती आणि वारा फिरला की कोंडा आमच्या अंगावरून जात होता, मऊ, उन्हानं भरलेला. मग तिनं भाकरीचं पीठ बाजूला सारलं, दुसरं घेतलं. लसूण ठेचला, तिखट घातलं, ओवा हातावर चोळला. मी जवळून बघत होते. मिठाचं गाडगं तिच्या गुडघ्याशी होतं. तिनं त्याला हात लावला नाही. मला वाटलं, विसरली. सांगावं असं वाटलं, पण गेल्या वेळी मी खरं लिहिलं होतं तेव्हा काय झालं ते आठवून गप्प बसले.

धपाटं तव्यावरून उतरलं. गयाबाईनं ते मायच्या हातावर ठेवलं. माय चटका सोसत ते या हातातून त्या हातात करत राहिली, आणि मग, मला खात्री आहे की न ठरवता, नुसत्या सवयीनं, पदराचं टोक पसरून ते त्यात बांधायला लागली. घरी नेते म्हणाली.

गयाबाईनं पदरातून धपाटं काढून घेतलं.

"नको. घरी म्हैस हाये."

खळ्यावरचे बैल थांबले होते. सुजातानं थांबवले होते. मायचं तोंड लाल झालं, चुलीनं की कशानं. तिनं हात पुढं केला. तो बराच वेळ तसाच पुढं राहिला. मग गयाबाईनं धपाटं परत दिलं, आणि मायनं त्याचा मोठा तुकडा मोडून तोंडात घातला. चोरून नाही, तळव्यावर घेऊन नाही. चावायला लागली. आम्ही तिघी तिच्या जबड्याकडं बघत होतो. मला भीती वाटत होती की ती आता म्हणेल, लई चांगलं झालं. ती चावत राहिली, गिळलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. खडीच्या ढिगावर पडायची तशी.

"गया, मीठ न्हाई यात."

"न्हाईच," गयाबाई म्हणाली. "त्या दिवशी बी नव्हतं. विसरले होते. सुजाता खायला बसली तवा कळलं. म्हटलं, आता द्वारका येईल अन् शिव्या घालील. वाट बघून राह्यले."

 हातातलं धपाटं मायनं खाली ठेवलं नाही. धूर आमच्याकडं वळला आणि दोघींनी एकदमच डोळे पुसले, त्याचा अर्थ मी लावत नाही, धूर होताच.

"मंग दे आता," माय म्हणाली.

गयाबाईनं मिठाचं गाडगं पुढं सरकवलं. मायनं चिमूटभर घेतलं, धपाट्यावर भुरभुरलं आणि दुसरा घास घेतला. सुजातानं बैल हाकलले.